३० सीसी पेट्रोल इंजिनाला रबरी माउंट: रबर नेमके किती मऊ असावे?

बाल्सापंख (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. गेले दोन महिने एका अडचणीशी झगडत आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

माझे दूरनियंत्रित मॉडेल विमान बाल्सा (अतिशय हलके लाकूड) आणि प्लायचे आहे. पंखविस्तार २ मीटर आणि उड्डाणाच्या तयारीतले वजन साडेसहा किलो. एक सिलिंडरचे, ३० सीसीचे टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन चार धातूच्या स्टँडऑफवर (मधल्या खांबांवर) ६ मिलिमीटर प्लायच्या फायरवॉलला (इंजिनामागच्या भिंतीला) घट्ट बसवले होते. प्रॉप (पुढचा पंखा) लाकडी, १८ बाय १०, म्हणजे १८ इंच व्यासाचा आणि एका फेऱ्यात १० इंच पुढे सरकेल अशा पिळाचा. आयडलला, म्हणजे इंजिनाच्या सर्वांत कमी वेगाला, मिनिटाला १,९०० फेरे आणि पूर्ण थ्रॉटलला ७,२०० फेरे मिळतात.

पहिल्या पंधरा-वीस उड्डाणांतच काउलच्या (इंजिनावरच्या आवरणाच्या) स्क्रूंभोवती बारीक तडे दिसू लागले. त्यानंतर एलिव्हेटर (शेपटीचा वर-खाली होणारा भाग) हलवणाऱ्या सर्व्होच्या (छोट्या मोटरच्या) गिअरमध्ये ढिलाई आली. नवीन गिअर घातले, तर तेही लवकरच सैल झाले. जमिनीवर विमान धरून थ्रॉटल हळूहळू वाढवला की ३,००० ते ३,५०० फेऱ्यांच्या दरम्यान शेपटीच्या आडव्या पंखाची टोके इतकी थरथरतात की त्यांची कड पुसट दिसते. टाकीवरची झाकणपट्टी काढून पाहिले असता आतल्या पेट्रोलला फेस येताना स्पष्ट दिसला, आणि अर्ध्या थ्रॉटलला इंजिन मधूनच इंधन कमी पडल्यासारखे दम तोडते, त्याचे कारणही हा फेसच असावा असे मला वाटते.

म्हणून मी फायरवॉल आणि स्टँडऑफ यांच्यामध्ये चार रबरी बॉबिन, म्हणजे दोन्ही टोकांना धातूची चकती चिकटवलेले रबराचे ठोकळे, बसवले. प्रत्येकाचा व्यास २० मिलिमीटर, लांबी २० मिलिमीटर, दोन्ही टोकांना एम-६ चे आटे आणि रबराचा कडकपणा ६० शोअर (आकडा जितका मोठा तितके रबर कडक). चारही बॉबिन ६० मिलिमीटर बाजूच्या चौकोनाच्या कोपऱ्यांवर आहेत. रबरावर लटकणारे एकूण वजन, म्हणजे इंजिन, मागची धातूची पाटी, सायलेंसर, स्पिनर आणि प्रॉप मिळून, १.६ किलो भरले.

परिणाम विचित्र आहे. पूर्ण थ्रॉटलला विमान इतके शांत झाले की पंखावर हात ठेवला तरी विश्वास बसत नाही. पण आयडलला इंजिन पिसाटल्यासारखे डोलते, आणि सायलेंसरची नळी काउलच्या भोकाच्या कडेवर आपटते, जरी तिथे ३ मिलिमीटर मोकळी जागा आहे. अजून या अवस्थेत उड्डाण केलेले नाही. इंजिन एवढे डोलते याचा अर्थ रबर फारच मऊ झाले असा मी घेतला आणि ७० शोअरचे बॉबिन लावण्याचा विचार करीत आहे. हा विचार बरोबर आहे का? आणि रबर निवडण्याची काही निश्चित रीत आहे, की लावून पाहणे एवढाच मार्ग आहे?


समतोल (उत्तर)

रबराचा प्रश्न महत्त्वाचा आहेच, आणि त्यावर इतर मंडळी लिहितीलच; परंतु त्याआधी मला प्रॉपबद्दल विचारायचे आहे, कारण आपल्या वर्णनात प्रॉपच्या समतोलाचा उल्लेख कुठेही आलेला नाही.

७,२०० फेऱ्यांना केंद्रापासून २० सेंटीमीटरवर केवळ १ ग्रॅम वजन जास्त असेल, तर त्यातून निर्माण होणारा फिरता ओढा सुमारे ११४ न्यूटन, म्हणजे साडेअकरा किलोच्या आसपास होतो. सेकंदाला १२० वेळा दिशा बदलत हा ओढा क्रँकशाफ्ट, बेअरिंग आणि फायरवॉल यांना हिसके देत राहतो. एक दशांश ग्रॅम चुकले तरी सुमारे १.१५ किलोचा हिसका शिल्लक राहतो. आता इंजिनाच्या स्वतःच्या असमतोलाशी त्याची तुलना करून पाहावी. पिस्टन, पिन आणि कनेक्टिंग रॉडचे वरचे टोक मिळून ५० ग्रॅम धरले आणि क्रँकची त्रिज्या १४ मिलिमीटर धरली, तर वर-खाली होणाऱ्या या वस्तुमानाचे बल जवळपास ४०० न्यूटन येते. क्रँकवरचे प्रतिभार त्यातले साधारण निम्मे झाकतात. त्याहून जास्त झाकायला गेले, तर हादरा नाहीसा न होता फक्त उभ्याचा आडवा होतो. म्हणजे एक सिलिंडरच्या इंजिनात दोनशे न्यूटनचा हादरा कोणत्याही उपायाने काढून टाकता येत नाही; तो जन्माचाच आहे. पण प्रॉपमधला त्याच्या निम्म्याएवढा वाटा आपण अर्ध्या तासाच्या कामात घालवू शकतो, आणि तो न घालवता रबर लावणे म्हणजे गळक्या छपराखाली मोठी बादली ठेवणे होय.

समतोल पाहताना बहुतेक जण पाती आडवी ठेवून कोणते पाते खाली जाते तेवढेच पाहतात. पाती आडवी स्थिर राहिली की काम झाले असे समजतात. त्यानंतर प्रॉप उभा करून हात काढावा. उभा असताना तो एका बाजूला झुकत असेल, तर जड बाजू पात्यात नसून मधल्या गोळ्यात, म्हणजे हबमध्ये आहे. लाकडी प्रॉपमध्ये हे नेहमी आढळते, कारण लाकडाच्या एका बाजूचे दाट पट्टे हबमध्ये आलेले असतात. हलक्या बाजूला हबच्या कडेवर पातळ सायनोचा (झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा) एखादा थेंब किंवा इपॉक्सीचा पातळ थर देऊन हा दोष निघतो. पात्यांचे वजन कमी-जास्त असेल, तर जड पात्याची मागची बाजू घासून वर पुन्हा वार्निश द्यावे. उघडे लाकूड ओल शोषते आणि आठवड्याभरात समतोल पुन्हा बिघडतो.

यानंतर प्रॉपचे भोक पाहावे. भोक शाफ्टपेक्षा थोडे मोठे असेल, तर उत्तम तोललेला प्रॉपसुद्धा केंद्र सोडून बसतो. १२० ग्रॅमचा प्रॉप ०.३ मिलिमीटर बाजूला सरकला, तर २० न्यूटनचा असमतोल फक्त बसवण्यातून निर्माण होतो. शेवटी दोन्ही पाती एकाच पातळीत फिरतात का, हे तपासावे. स्पार्क प्लग काढून ठेवावा, एका पात्याच्या टोकाजवळ एखादी काठी स्थिर उभी करावी आणि प्रॉप हाताने अर्धा फेरा फिरवून दुसऱ्या टोकाचे अंतर पाहावे. दीड-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला, तर तो प्रॉप मी वापरत नाही.

स्पिनरही मागच्या चकतीसह वेगळा तोलावा. तो राहून जातो आणि मग दोष इंजिनाला दिला जातो.


फायरवॉल६ (उत्तर)

समतोल यांनी सांगितलेले आधी करावे, त्यात दुमत नाही. आता रबराविषयी. ७० शोअर लावू नयेत. आपण ज्या बाजूला जाण्याचा विचार करीत आहात, तिच्या नेमक्या उलट बाजूला आपले उत्तर आहे.

रबरावर बसवलेले इंजिन म्हणजे स्प्रिंगवर ठेवलेले वजन. अशा वजनाची डोलण्याची एक स्वतःची गती असते, आणि तिला नैसर्गिक वारंवारता म्हणतात. इंजिनाचा हादरा या वारंवारतेच्या बरोबरीने येऊ लागला की अनुनाद होतो, म्हणजे प्रत्येक हिसका आधीच्या डोलण्यात भर घालतो. हादऱ्याची वारंवारता नैसर्गिक वारंवारतेच्या १.४१ पट, म्हणजे दोनाच्या वर्गमुळाइतकी झाली, की त्यानंतरच रबर कंपन अडवू लागते. त्याच्या खाली रबर कंपन वाढवते. दुप्पट वारंवारतेला सुमारे एक तृतीयांश कंपन पुढे जाते आणि तिप्पट वारंवारतेला आठवा हिस्सा.

आता आपल्या बॉबिनचे गणित करू. फायरवॉलला काटकोनात बसवलेले बॉबिन वर-खाली आणि आडव्या दिशेने कातरले जातात, म्हणजे त्यांचे एक टोक दुसऱ्याच्या बाजूने सरकते, आणि रबर कातर दिशेने दाबापेक्षा बरेच मऊ असते. ६० शोअरच्या रबराचा कातर गुणांक सुमारे १.०६ मेगापास्कल धरतात. २० मिलिमीटर व्यासाच्या आणि तेवढ्याच लांबीच्या एका बॉबिनचा ताठपणा त्यावरून मिलिमीटरला साडेसोळा न्यूटनच्या आसपास येतो, आणि चारांचा मिळून ६६. त्यावर १.६ किलो वजन ठेवले, तर नैसर्गिक वारंवारता साडेबत्तीस हर्ट्झ निघते, म्हणजे मिनिटाला १,९५० फेरे. आपले आयडल १,९०० आहे. ज्या वेगाला इंजिन सर्वांत जास्त डोलू शकते, नेमक्या त्याच वेगावर आपण त्याला उभे करून ठेवले आहे. इंजिन डोलते आहे ते रबर मऊ असल्यामुळे नव्हे, तर आयडलच्या मानाने ते कडक असल्यामुळे.

७० शोअर लावले तर हा अनुनाद अडीच हजार फेऱ्यांच्या आसपास जाईल. आयडलला डोलणे काहीसे कमी वाटेल, पण उतरण्याच्या वेळी थ्रॉटल जिथे सतत खाली-वर होतो, त्या पट्ट्यात अनुनाद येऊन बसेल, आणि पूर्ण थ्रॉटलला आज जे आठ टक्के कंपन पुढे जाते ते चौदा टक्क्यांच्या घरात जाईल. याउलट ४० शोअरच्या रबराचा गुणांक सुमारे ०.४५ आहे. त्याने नैसर्गिक वारंवारता २१ हर्ट्झवर, म्हणजे १,२७० फेऱ्यांवर येते. आयडल त्याच्या दीडपट होते आणि अनुनाद आयडलच्या खाली राहतो, म्हणजे इंजिन चालू करताना आणि बंद करताना तेवढा त्यातून जातो. आपल्या शेपटीच्या थरथरीचा जो ३,३०० फेऱ्यांचा पट्टा आहे, तिथे तर ४० शोअरने एक षष्ठांशच कंपन पुढे जाईल.

हे सर्व आकडे अंदाजाचे आहेत, हे लक्षात ठेवावे. रबर जलद हलवले की सावकाश दाबलेल्या रबरापेक्षा ते जास्त ताठ वागते. म्हणून मोजून पाहण्याची एक सोपी रीत सांगतो. इंजिन बसवल्यावर त्याच्या गुरुत्वमध्याजवळ दोरी बांधून ताणकाट्याने खाली ओढावे आणि किती वजनाला किती मिलिमीटर सरकते ते मोजावे. त्यावरून इंजिनाच्या स्वतःच्या वजनाने रबर किती मिलिमीटर बसेल, ते काढावे. १६ ला त्या मिलिमीटरच्या वर्गमुळाने भागले की हर्ट्झमध्ये वारंवारता मिळते. अर्धा मिलिमीटर बसत असेल तर साधारण २२ हर्ट्झ, पाव मिलिमीटर बसत असेल तर ३२. त्यानंतर टॅकोमीटर (फेरे मोजणारे यंत्र) हातात घेऊन थ्रॉटल अगदी सावकाश वाढवावा आणि डोलणे कोणत्या फेऱ्यांना सर्वांत जास्त दिसते ते टिपावे. खरा आकडा तोच. काही जण फोनच्या संवेदकाने मोजतात, पण फोन साधारणपणे सेकंदाला शंभर-दोनशे नोंदी घेत असल्याने पूर्ण थ्रॉटलच्या कंपनाबद्दल त्यावर भरवसा ठेवता येत नाही.

आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी. अनुनादाच्या पुष्कळ वर गेल्यावर इंजिन किती हलते हे रबरावर अवलंबून राहतच नाही. न झाकलेले २५ ग्रॅम, १४ मिलिमीटर त्रिज्या आणि एकूण १,६०० ग्रॅम वजन, यावरून इंजिन मध्यापासून दोन्ही बाजूंना ०.२ मिलिमीटरच्या आसपास हलत राहणार. इंजिन हलते म्हणूनच विमान हलत नाही. अनुनादावर मात्र हेच हलणे सहज दहापट होते, आणि आपली नळी काउलवर का आपटते याचे उत्तर त्यात आहे.


उत्तरवारा (उत्तर)

वरचे गणित मला मान्य आहे, पण ज्या पद्धतीने बॉबिन लावले आहेत त्या पद्धतीने कृपया उड्डाण करू नये. मी हे कळकळीने लिहीत आहे, कारण मी तीच चूक केली होती.

पुढे प्रॉप असलेल्या विमानात प्रॉप इंजिनाला पुढे ओढतो. आपले इंजिन फायरवॉलपासून दूर जाऊ पाहते, आणि त्यामुळे चारही बॉबिन ताणाखाली राहतात. रबर आणि धातूची चकती यांच्यामधला जोड दाब उत्तम सोसतो, कातरही सोसतो, पण सततचा ताण त्याला मानवत नाही. ८ किलोचा ओढा चार जागी वाटला, तर प्रत्येकावर २० न्यूटन येतात, आणि हा आकडा किरकोळ वाटतो. खरा भार वळणांत येतो. १०० ग्रॅमचा १८ इंची प्रॉप ७,२०० फेऱ्यांना फिरत असताना विमानाने सेकंदाला एक पलटी घेतली, तर प्रॉपच्या भोवऱ्यासारख्या वागण्यामुळे इंजिनावर आडवा पिळा येतो. प्रॉप एकसारख्या जाडीची पट्टी धरली तर तो आठ न्यूटन-मीटर भरतो. खरा प्रॉप टोकांकडे हलका असतो, म्हणून त्याहून कमी धरा. ६० मिलिमीटरच्या चौकोनात तेवढा पिळा सोसायचा, तर एका बाजूच्या दोन बॉबिनवर मिळून शंभर न्यूटनच्या वर ताण जाऊ शकतो. शिवाय दोन पात्यांच्या प्रॉपमध्ये हा पिळा एका फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा ओसरतो, त्यामुळे जोड थकत जातो.

माझ्या बाबतीत वरचे दोन बॉबिन तिसऱ्या दिवशी उड्डाणात सुटले. इंजिन खालच्या दोन बॉबिनवर लोंबले, थ्रॉटलची दांडी ओढली जाऊन कार्ब्युरेटर पूर्ण उघडला आणि प्रॉप काउल कापू लागला. इग्निशन दूरनियंत्रित स्विचने बंद करता आले म्हणून विमान खाली आणता आले. नंतर ते बॉबिन हातात घेऊन पाहिले. रबराची कड फुगलेली होती आणि बोटाला चिकटत होती, आणि धातूच्या चकतीवर रबराचा कणही उरला नव्हता. जणू कोणी सोलून काढावे तशी ती स्वच्छ होती. ते नैसर्गिक रबर होते आणि कार्ब्युरेटरमधून उडणाऱ्या पेट्रोलने ते भिजत राहिले होते. नैसर्गिक रबर पेट्रोलमध्ये फुगते. सिलिकोन उष्णता छान सोसते, पण पेट्रोलपुढे तेही टिकत नाही. मिथेनॉलच्या ग्लो इंधनाला चालणारी सिलिकोनची नळी पेट्रोलला चालत नाही, ते याच कारणाने. पेट्रोल इंजिनाजवळ नायट्राइल रबर घ्यावे.

मांडणी बदलून अशी करावी. इंजिनामागच्या पाटीला मोठी भोके असावीत आणि प्रत्येक भोकात पाटीच्या पुढून एक व मागून एक अशा दोन रबरी बुश (मध्ये भोक असलेल्या जाड चकत्या) याव्यात. मधून धातूची नळी आणि त्या नळीतून बोल्ट आरपार जावा. बोल्ट कितीही आवळला तरी नळीच्या लांबीपलीकडे रबर दाबले जात नाही, म्हणून चारही ठिकाणी दाब सारखाच राहतो. बोल्टच्या डोक्याखाली पाटीतल्या भोकापेक्षा मोठा वॉशर हवाच. रबर जळाले, कुजले किंवा गळून पडले, तरी पाटी त्या वॉशरवरून बाहेर येऊ शकत नाही आणि इंजिन विमानातच राहते. या रचनेत रबराला ताण कधीच येत नाही, कारण पुढे ओढले तर पुढचे दाबले जाते आणि मागे ढकलले तर मागचे. बुशचा ताठपणा बॉबिनपेक्षा वेगळा असेल, म्हणून फायरवॉल६ यांनी सांगितलेले मोजमाप पुन्हा करावे लागेल.

चौकोन शक्य तितका रुंद करावा. अंतर दीडपट केले, तर त्याच पिळ्याचे बल प्रत्येक जागी एक तृतीयांशाने कमी होते आणि प्रॉपचे नाक खाली-वर कमी होते.

इंजिनाला जोडलेली प्रत्येक वस्तू एकतर पूर्णपणे इंजिनाबरोबर हलली पाहिजे किंवा मध्ये लवचिक असली पाहिजे. थ्रॉटलला ताठ दांडी ठेवली, तर इंजिनाच्या डोलण्याबरोबर कार्ब्युरेटर आपोआप उघडझाप करतो आणि आयडल कधीच स्थिर होत नाही. तिथे नळीतून जाणारी प्लास्टिकची लवचिक दांडी वापरावी. धातू टाळल्याने इग्निशनचा विद्युत गोंगाटही सर्व्होपर्यंत पोहोचत नाही. इंधनाच्या नळीला आणि स्पार्क प्लगच्या तारेला सैल वळसा द्यावा. सायलेंसर इंजिनालाच धरलेला असेल तर काउलचे भोक मोठे करणे पुरे, पण लांब पाइप फ्यूजलाजला (विमानाच्या धडाला) बांधलेला असेल, तर मध्ये टेफ्लॉनचा जोड हवा, नाहीतर एक्झॉस्टचा हेडर (इंजिनातून निघणारी पहिली नळी) मानेशी तुटतो.


समतोल (उत्तर)

उत्तरवारा यांच्या अनुभवानंतर एक मत मांडावेसे वाटते. रबरी माउंट हा एकच मार्ग नाही. ३० सीसीची पुष्कळ विमाने घट्ट माउंटवर वर्षानुवर्षे चांगली उडतात. त्यांची फायरवॉल ताठ असते, एवढाच फरक असतो. सहा मिलिमीटरचे एकेरी प्लाय कडांनी धरलेले आणि मधोमध इंजिन, ही रचना ढोलकीच्या पानासारखी वागते. मागून त्रिकोणी लाकूड, आडव्या पट्ट्या आणि वरून इपॉक्सीत भिजवलेले काचेचे कापड दिले, तर हादरा एका जागी केंद्रित न होता सगळ्या नाकात पसरतो. मग नाजूक वस्तू वेगळ्या कराव्यात. रिसीव्हर आणि टाकी फोममध्ये ठेवावी. टाकीच्या फेसाचा प्रश्न बऱ्याचदा इथेच सुटतो.

सर्व्होबद्दल एक बारीक गोष्ट सांगतो. सर्व्होच्या रबरी ग्रॉमेटमध्ये (स्क्रूच्या भोकातल्या रबरी कड्यात) जी पितळी नळी घालायची असते, तिची रुंद कड लाकडाच्या बाजूला यायला हवी. पुष्कळ जण ती वरून घालतात. मग स्क्रू आवळताना नळीची अरुंद कड लाकडात रुतते, रबर चेपून दगड होते आणि सगळा हादरा थेट गिअरवर जातो. आपले गिअर दोनदा गेले आहेत, म्हणून हे एकदा उघडून पाहावे.


फायरवॉल६ (उत्तर)

समतोल यांचा मुद्दा योग्य आहे. तरीही या विमानात शेपटीचा स्वतःचा अनुनाद ३,३०० फेऱ्यांच्या आसपास दिसतो आहे, आणि फायरवॉल ताठ केल्याने तो जाणार नाही; हादरा उलट अधिक सरळ मार्गाने शेपटीपर्यंत पोहोचेल. माझा कौल म्हणून रबरालाच आहे. आडव्या पंखाला वर-खाली बारीक ताणतारा दिल्या तर त्याही उपयोगी पडतील.

फोर-स्ट्रोक इंजिन वापरणाऱ्या वाचकांसाठी थोडे जास्तीचे लिहितो, कारण तिथे हेच गणित जसेच्या तसे चालत नाही. फोर-स्ट्रोकमध्ये स्फोट दोन फेऱ्यांत एकदा होतो. २,००० फेऱ्यांच्या आयडलला पिस्टनचा हादरा ३३ हर्ट्झचा असतो, पण शाफ्टभोवती पिळणारा धक्का १७ हर्ट्झचाच असतो. त्या धक्क्याच्या पुरेशी खाली नैसर्गिक वारंवारता न्यायची, तर रबर इतके मऊ लागेल की विमान वर उचलतानाच प्रॉपचे नाक झुकेल. त्यावर उपाय म्हणजे माउंट शाफ्टभोवती फिरण्यापुरते मऊ आणि नाक हलण्याच्या दिशेने ताठ ठेवणे. एफ३ए प्रकारच्या (कसरतींच्या) स्पर्धा विमानांत म्हणूनच मागे मऊ माउंट आणि पुढे, प्रॉपच्या मागे, इंजिनाच्या नाकाला सांभाळणारे रबरी कडे वापरले जाते. हा विचार जुना आहे. १९३१ साली क्रायस्लर कंपनीने प्लिमथ मोटारीत इंजिन पुढे उंचावर आणि मागे खालच्या बाजूला असे दोन ठिकाणी रबरावर धरले. त्या दोन बिंदूंना जोडणारी रेषा इंजिनाच्या गुरुत्वमध्यातून जात असल्याने चार सिलिंडरचे इंजिन त्या रेषेभोवती मोकळे डोलू शकत होते, आणि ते डोलणे आत बसलेल्यांपर्यंत फारसे पोहोचत नव्हते. त्या रचनेला फ्लोटिंग पॉवर असे नाव दिले होते. मोठ्या विमानांतल्या डायनाफोकल माउंटमध्येही रबरांचे अक्ष तिरपे करून इंजिन आणि प्रॉप यांच्या गुरुत्वमध्याच्या आसपास रोखलेले असतात. आपल्या छोट्या माउंटमध्येही रबरे शक्य तितकी पुढे, गुरुत्वमध्याजवळ नेता आली तर न्यावीत.


बाल्सापंख (पुन्हा)

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे काम करून आज लिहीत आहे.

प्रॉप पाती आडवी ठेवल्यावर स्थिर होता, म्हणून मी त्याला निर्दोष समजत होतो. उभा धरला तर हात काढताच डावीकडे कलंडला. हबच्या हलक्या बाजूला इपॉक्सीचे चार पातळ थर द्यावे लागले. सर्व्होच्या आठपैकी पाच नळ्या उलट्या निघाल्या. एवढे केल्यावर इंजिन जुन्या घट्ट माउंटवर परत बसवून पाहिले. ३,३०० फेऱ्यांची शेपटीची थरथर कमी झाली होती, पण गेली नव्हती.

मग नायट्राइलच्या मऊ बुश, आरपार बोल्ट आणि मोठे वॉशर अशी मांडणी केली, आणि चौकोन ९० मिलिमीटरचा केला. त्यासाठी फायरवॉलवर ३ मिलिमीटर प्लायचा आणखी एक थर चिकटवला. ताणकाट्याने ३ किलोला इंजिन १ मिलिमीटर सरकले. गणिताने साडेएकवीस हर्ट्झ, म्हणजे १,३०० फेरे आले, पण टॅकोमीटरवर सर्वांत जास्त डोलणे १,४५० फेऱ्यांना दिसले. रबर जलद हालचालीत ताठ होते, ते असे प्रत्यक्ष पाहायला मिळाले. म्हणून आयडल २,१०० केले. काउलचे भोक वाढवून सायलेंसरच्या नळीभोवती ८ मिलिमीटर जागा ठेवली आणि थ्रॉटलला लवचिक दांडी घातली.

आतापर्यंत अकरा उड्डाणे झाली. टाकीत फेस येत नाही, अर्ध्या थ्रॉटलला इंजिन दम तोडत नाही, आणि शेपटीच्या पंखाची कड आता सर्व वेगांना रेखीव दिसते. इंजिन बंद करताना मात्र ते शेवटच्या काही फेऱ्यांत जोरात डोलते. आयडल वाढल्यामुळे विमान उतरताना जमिनीवर थोडे जास्त तरंगते, त्यासाठी उतरण्याची रेषा लांबून घ्यायला शिकत आहे. बोल्ट किती उड्डाणांनंतर तपासावेत, एवढेच विचारायचे राहिले आहे.


उत्तरवारा (उत्तर)

पहिल्या दहा उड्डाणांत प्रत्येक उड्डाणानंतर, आणि पुढे प्रत्येक दिवसाच्या सुरुवातीला तपासावेत. बोल्ट नळीवर आवळलेला असल्यामुळे तो सैल झाला की रबराकडे पाहून कळत नाही. बोल्टच्या डोक्यावर आणि वॉशरवर रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवावी, म्हणजे ती तुटलेली दिसली की लगेच लक्षात येते. नट नायलॉकचे (आत नायलॉनचे कडे असलेले, सहज सैल न होणारे) वापरावेत. दर महिन्याला प्रॉपचे टोक हाताने वर-खाली हलवून पाहावे आणि आजच्यापेक्षा जास्त हलत असेल, तर आठही बुश एकदमच बदलाव्यात. एकच नवीन घातली, तर ती इतरांपेक्षा ताठ राहते आणि इंजिन त्या कोपऱ्याभोवती तिरपे डोलू लागते.